शेवटची कधी घेतली?

प्रिय मुली,

मेल मेडिकलला, म्हणजे पुरुषांच्या वॉर्डात, नर्स म्हणून पोस्टिंग लागलं म्हणून नाराज आहेस, असं कळलं. तिथं 'सहा नंबरला बेवडा आहे' असा ड्युटी बदलताना हॅण्डओव्हर देतात, हेही मला माहीत आहे. तू तसं म्हणू नकोस. एकदा ते कानावर पडलं की पेशंट खरं सांगत नाही, आणि आपलं काम त्याच्या खऱ्यावरच चालतं.

बायको शेजारी असताना 'पिता का?' विचारलंस तर 'कधीमधी' हेच उत्तर येणार. तिला औषधं आणायला पाठव आणि सरळ विचार, 'काका, शेवटची कधी घेतलीत? देशी की इंग्लिश? रोज किती क्वार्टर?' ती वेळ चार्टवर लिही. दारू तुटली की 6-8 तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो. फिटचा झटका आलाच तर बहुधा पहिल्या 48 तासांत. तिसऱ्या रात्रीच्या सुमारास माणूस चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या वेचतो, सलाईन उपटतो. ऑर्थोला, म्हणजे हाडांच्या वॉर्डात, मांडीचं हाड मोडून आलेला असा बरळायला लागला की सगळे म्हणतात वेड लागलं. दारूचं कुणी विचारलेलंच नसतं! नुसतं बांधून मोकळं व्हायचं नाही. नाडी, बीपी, ताप, शुगर बघ आणि डॉक्टरांना उठव. ओरडले तर ओरडू देत. लोराझेपाम हे शांत करणारं औषध दिल्यावर श्वासावर लक्ष ठेव.

ग्लुकोज लावण्याआधी थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, गेलंय का, ते बघ. न जेवता पिणाऱ्याच्या अंगात बी-1 उरलेलंच नसतं, नुसतं ग्लुकोज मेंदूवर बेतू शकतं. शुगर फार खाली असेल तर मात्र थांबू नकोस, दोन्ही बरोबरच.

लिव्हरच्या पेशंटचे नातेवाईक 'जुलाब होतायत, लॅक्ट्युलोज (पोट साफ करणारं औषध) बंद करा' म्हणतील. दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौचाला व्हावं म्हणूनच ते देतात, हे समजाव. हात पुढे करून पंजे वर करायला सांगितल्यावर ते फडफडले तर लिव्हरचा त्रास मेंदूपर्यंत गेलाय असं समज आणि डॉक्टरांना लगेच कळव.

दारू सोडण्यावर भाषण नको, ते घरी रोज ऐकतात. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून आहे, एवढं सांग. बायकोला मात्र बाजूला घेऊन बजाव: रोज पिणाऱ्याची एकदम बंद करून त्याला खोलीत कोंडायचं नाही, आधी दवाखान्यात आणायचं.

तुझी,
जुनी इन्चार्ज सिस्टर