नायट्रेट हटत नसेल तर आधी बोअरचे पाणी तपासा

आपला प्रश्न असा आहे की, सांगलीत घरच्या 200 लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत दोनच क्लाऊनफिश आणि थोडे प्रवाळ असताना, बोअरच्या पाण्यात समुद्री मीठ कालवून दर आठवड्याला 20 टक्के पाणी बदलूनही नायट्रेट 80 पीपीएमच्या (म्हणजे साधारण लिटरला 80 मिलिग्रॅमच्या) खाली का येत नाही, आणि दुकानदाराने सुचवलेली नायट्रेट काढणारी बाटली घ्यावी का. बाटली घेऊ नये. पाणी बदलताना आपणच टाकीत नायट्रेट ओतत आहात असा माझा दाट संशय आहे.

आमचे घर आष्ट्याजवळ मळ्यात आहे आणि चारही बाजूंना ऊस आहे. माझ्या टाकीतही हेच घडत होते, म्हणून मी विहिरीचे पाणी परीक्षानळीत घेतले. नायट्रेट तपासण्याच्या किटमधील दुसऱ्या बाटलीतले औषध तळाशी बसते, ती जोरात हलवून थेंब टाकले आणि पाहता पाहता पाणी नारिंगी होऊन लालसर झाले. शेजारच्या नळीतले बॅटरीचे डिस्टिल्ड वॉटर पिवळेच राहिले, म्हणजे त्यात नायट्रेट नव्हते. दोन्ही नळ्या थोरल्या बंधूंपुढे धरल्या, तर ते म्हणाले, “तुझ्या औषधाचाच रंग आहे तो. ह्याच विहिरीचं पाणी पिऊन आपण वाढलो.” मग त्यांनी स्वतःच प्रयोगशाळेत नमुना दिला. अहवालात ‘नायट्रेट नायट्रोजन 9 मिलिग्रॅम प्रतिलिटर’ असे आले आणि घरात माझी यथेच्छ टिंगल झाली, कारण मी रंगावरून नायट्रेट 40 सांगत होतो. वास्तविक दोन्ही आकडे एकच आहेत: नायट्रोजनच्या रूपात दिलेल्या आकड्याला 4.43 ने गुणले की नायट्रेट मिळते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने घातलेली मर्यादा 45 आहे, त्यामुळे 40 चे पाणी माणसाला नियमाने चालते. प्रवाळाच्या टाकीला ते चालत नाही.

आता आपला हिशेब. समजा, माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून आठवड्याला 8 पीपीएम नायट्रेट वाढते. शुद्ध पाण्याने 20 टक्के बदल केल्यास ते 40 च्या आसपास स्थिरावेल, आणि नवे पाणीच 40 चे असेल तर बरोबर 80 वर. शिवाय उन्हाळ्यात टाकीतले पाणी उडते पण नायट्रेट मागे राहते, आणि ती घट बोअरच्या पाण्याने भरून काढली की त्यात नव्याची भर पडते. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होते.

यावर उपाय म्हणजे आरओ (पडद्यातून पाणी गाळणारे यंत्र) आणि त्यापुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारे दाणे). स्वयंपाकघरातल्या आरओवर विसंबू नका, कारण पुष्कळ यंत्रांत चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर मूळ पाणी परत मिसळतो. डीआयनंतर टीडीएस मीटरवर शून्य दिसले पाहिजे. उडालेल्या पाण्याची घट भरून काढायलाही तेच पाणी वापरा. स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र), लाइव्ह रॉक (जीवाणू वसलेले सच्छिद्र दगड), नायट्रेट शोषणारे कीटोमॉर्फा शेवाळ हे सगळे उपयोगी आहे, पण नळ उघडा ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नाही. टाकीत व्होडका ओतण्याचा सल्ला कोणी देईल. नायट्रेट खाणारे जीवाणू पोसण्याची ती पद्धत खरी आहे, तथापि स्रोत शुद्ध होईपर्यंत तिच्या वाटेला जाऊ नये.

मूळ दुखणे शेतात आहे. युरियाचा अमोनिया होतो आणि जमिनीतले जीवाणू त्याचे नायट्रेट करतात. आपल्या फिल्टरमध्ये चालते तेच काम. नायट्रेट मातीच्या कणांना धरून राहत नाही, पाटाच्या पाण्याबरोबर खाली उतरते. आडसाली उसाला हेक्टरी 400 किलो, म्हणजे एकरी 160 किलो नत्राची (नायट्रोजनची) शिफारस आहे. बंधू त्याहून सढळ हाताने टाकतात आणि “ऊस सगळं खातो” म्हणतात. विहिरीच्या पाण्यात लिटरला 9 मिलिग्रॅम नत्र असेल, तर 1000 मिलिमीटर पाणी दिल्यावर एकरी सुमारे 36 किलो नत्र त्या पाण्यातूनच येते, म्हणजे 45 किलोची जवळजवळ पावणेदोन पोती युरिया. तेवढी पोती कमी केली तर पैसा वाचेल आणि विहीरही. हा हिशेब मी बंधूंना कागदावर लिहून दिला आहे. त्यातली एकही ओळ त्यांनी अद्याप खोडून दाखवलेली नाही. आपल्या बोअरशेजारी कोणाचा ऊस असेल तर त्यांनाही दाखवा.

मात्र आपल्या बोअरचे पाणी नळीत पिवळेच राहिले, तर वरचे बरेचसे गैरलागू समजावे. मग जास्त खाद्य आणि फिल्टरचा न धुतलेला स्पंज याच दोन गोष्टी पाहाव्यात. 80 ने क्लाऊनफिश लगेच मरत नाही, त्यामुळे आकडा एका दिवसात पाडू नका, आणि प्रवाळासाठी 5 ते 10 वर आला की थांबा, कारण शून्य नायट्रेटवर प्रवाळ फिका पडतो.