पुंगळी आधी साइझ करा, मग मोजा

वापरलेल्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरायला (रीलोडिंग) .३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसापासून सुरुवात करताय, तर दोन आकडे पाठच करा: पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच, आणि ट्रिम करायची (तोंडाकडून कापून आखूड करायची) ती २.००५ इंचावर. मोजमाप नेहमी फुल-लेंग्थ साइझिंगनंतरच घ्या, म्हणजे झाडल्यावर फुगलेली पुंगळी डाय नावाच्या साच्यात दाबून मूळ मापावर आणल्यावर. डायमध्ये दाबली की पुंगळी लांबते, त्यामुळे आधी घेतलेलं माप फसवं असतं. साइझिंगचं ल्यूब (वंगण) पुसा, मगच कॅलिपर लावा.

लांबी वाढली की खरा धोका चेंबरच्या (रायफलमध्ये काडतूस बसतं त्या पोकळीच्या) पुढच्या टोकाला. तिथे पुंगळीचं तोंड अडकतं आणि गोळीवर आवळलं जातं. गोळी सुटायला जागा उरत नाही, आणि पावडर अगदी मोजून भरलेली असली तरी दाब धोकादायक पातळीवर जातो. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) लावताना नेहमीपेक्षा जोर लागला तर तो राउंड (काडतूस) झाडू नका.

ट्रिम केल्यावर तोंडाला आतून चॅम्फर (कड किंचित तिरपी करणं), बाहेरून डीबर (बर, म्हणजे कापल्यावर उरलेली खरखरीत कड, काढणं). हलक्या हाताने, एकदोन फेरे. धार चाकूसारखी करू नका. आतली बर राहिली तर गोळी बसवताना तिचं जॅकेट खरवडतं.

अचूकतेचं म्हणाल तर सगळ्या पुंगळ्या एकसारख्या असणं महत्त्वाचं. क्रिंप करत असाल, म्हणजे पुंगळीचं तोंड गोळीवर दाबून आवळत असाल, तर फारच: लांब पुंगळीला क्रिंप जास्त बसतो, आखूडला कमी, आणि गोळीचा वेग बदलत राहतो.

एक मात्र लक्षात ठेवा. वाढलेलं पितळ बुडाजवळच्या भिंतीतून आलेलं असतं. ट्रिमिंगने ती भिंत परत जाड होत नाही. वाकवलेल्या तारेचं टोक आतून फिरवा. बुडाच्या किंचित वर खाच लागली, म्हणजे भिंत तिथे पातळ झालेली असली, तर पुंगळी चेपून भंगारात टाका.