खानावळीतल्या आचाऱ्याच्या तपासणीत औषधांना दाद न देणारे जंतू निघाले. त्याला कामावरून काढावं का? परवान्याला अडचण येईल का?

काढू नका. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या खानावळीत नेमकं हेच झालं आणि त्यावरून घरात पेटलेलं भांडण अजून विझलेलं नाही, म्हणून लिहितोय.

भाकऱ्या थापायला आमच्याकडे एक मावशी आहेत, खानापूरकडच्या. मेडिकलच्या पोरांना अभ्यासासाठी खानावळीतल्या लोकांचे नमुने हवे होते, आम्ही होकार दिला. नाकात काडी फिरवून नमुने नेले. मावशींच्या नाकात एमआरएसए निघाला, म्हणजे मेथिसिलिन हे अँटिबायोटिक आणि त्या घराण्यातल्या बहुतेक औषधांना न जुमानणारा स्टॅफ (स्टॅफिलोकोकस) जंतू. त्याआधी कित्येक महिने त्या मधुमेहानं पाय सडलेल्या नवऱ्याच्या उशाशी दवाखान्यात बसून होत्या. तिथूनच आला असावा, असं डॉक्टर म्हणाले.

गल्ल्यावर बसणारा माझा चुलतभाऊ कागद बघून म्हणाला, "हिचा आजच्या आज हिशेब करून टाक." त्याच्या स्वतःच्या नाकातही स्टॅफ निघाला होता, फक्त औषधाला दाद देणारा. त्याबद्दल अवाक्षर नाही. गर्दीच्या वेळी नोटा मोजता मोजता ताटात कांदा-लिंबू टाकणारा तोच!

सगळ्यांचा गोंधळ इथंच होतो. धडधाकट माणसांतही शंभरातल्या वीस-तीस जणांच्या नाकात स्टॅफ असतो. त्याची विषबाधा होते ती जंतूनं अन्नात सोडलेल्या विषानं, आणि ते विष करण्याची ताकद औषधाला दाद देण्या-न देण्यावर ठरत नाही. हात लागलेली बासुंदी, खवा, उरलेला भात दुपारभर उकाड्यात राहिला की जंतू वाढतात. मग कितीही उकळा, जंतू मरतील, विष जात नाही. काही तासांत उलट्या सुरू. त्यावर अँटिबायोटिकचा उपयोगच नाही, जंतू साधा असो की हट्टी. औषध लागू न पडणं जिवावर बेततं ते हा जंतू जखमेत, रक्तात शिरला तर.

मावशींचे हात बघ, असं मी भावाला सांगितलं. भांड्यांच्या सोड्यानं पेरांवर भेगा पडलेल्या, अंगठ्याच्या नखाकडेला आतलं मांस दिसेल अशी चीर, त्यावर जुन्या लुगड्याची चिंधी, पिठानं कडक झालेली. जंतू ठाण मांडतो तो असल्या चिरेत. मी त्यांच्याकडची भांडी काढून घेतली. चीर भरेपर्यंत पाणी न शिरणारी पट्टी, वर हातमोजा, दही-कोशिंबिरीला हात नाही. भाकरी थापायची, तव्यावरून चिमट्यानं थेट टोपलीत. हात धुण्याचा तक्ता आम्हाला मिळाला होता तो कन्नड-इंग्रजीत. मावशी कन्नड फाडफाड बोलतात, पण वाचता येतं ते मराठीच. तो मी मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून मोरीवर चिकटवला.

भावानं मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळ्यांची पट्टी आणली होती, "पाच दिवस खायला घाल" म्हणून. मी ती देऊ दिली नाही. आजार नाही, जंतू नुसता नाकात बसलाय, तर अंदाजानं गोळ्या चारून साधे जंतू मरतात आणि हट्टी तेवढे माजतात.

भाऊ अजूनही टायफॉइड मेरीचं उदाहरण देतो. मग ते पूर्ण तरी सांगावं. मेरी मॅलन, न्यूयॉर्कची स्वयंपाकीण, स्वतः धडधाकट पण अंगात टायफॉइडचा जंतू, म्हणून १९०७ साली पकडून ठेवली. १९१० साली सोडली ती पुन्हा स्वयंपाक करायचा नाही या अटीवर. धुण्याच्या कामात पैसे कमी, म्हणून नाव बदलून ती पुन्हा चुलीपाशीच गेली आणि १९१५ साली एका इस्पितळात साथ आली. पोटावर पाय दिला की माणूस लपवतो. मावशींना काढलं असतं तर आमच्याकडच्या एकानंही पुढं नाकात काडी घालू दिली नसती.

परवान्याचं म्हणाल तर वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस लागते, नाकाच्या नमुन्याची सरसकट सक्ती नाही. पुढचं तुमच्या अधिकाऱ्याला विचारा.

हां, तुमच्या आचाऱ्याचा नमुना नाकाचा की शौचाचा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. शौचात टायफॉइडचा जंतू निघाला असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. उपचार होऊन पुन्हा केलेल्या तपासण्या स्वच्छ येईपर्यंत त्याला अन्नाजवळ येऊ देऊ नका. जुलाब, ताप, हातावर पू धरलेला फोड असेल तरीही तेच, पण पगार न कापता. आमच्याकडं जो आपणहून येऊन "जुलाब होतायत" म्हणतो त्याचा खाडा मी धरत नाही. भाऊ याला लाड म्हणतो. म्हणू दे, परवाना माझ्या नावावर आहे.