बंद डायपोलही गप्प बसत नाही

प्रश्न : मॅडम, पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी एकाच पॅनेलवर ०.८ आणि २ गिगाहर्ट्झचे दोन डायपोल ॲरे (धातूच्या दांडीसारख्या अँटेनांच्या रांगा) बसवतोय. वेगवेगळे तपासले तर दोन्ही छान चालतात. एकत्र केले की २ गिगाहर्ट्झचा बीम, म्हणजे प्रसारणाचा झोत, मधोमध खचतो. एस-११ मात्र उणे १५ डीबीच्या खालीच आहे. चूक कुठे शोधू? घटकांमधलं अंतर वाढवू का?
— एक विद्यार्थी

उत्तर : तुमचा एस-११ बरोबर आहे, पण तो एवढंच सांगतो की पोर्टमधून आत गेलेल्यापैकी किती परत आलं. बाहेर पडलेली शक्ती पुढे कुठे गेली, याचा त्याला पत्ता नसतो. मीही इथेच फसले होते. माझ्या पहिल्या शेअर्ड-ॲपर्चर (दोन्ही बँड एकाच जागेत बसवलेल्या) पॅनेलवर तीन आठवडे फीड नेटवर्क, म्हणजे घटकांना सिग्नल वाटणारं जाळं, उसवत बसले. शेवटी ॲनेकोइक चेंबरमध्ये (भिंती लहरी शोषून घेतात अशा चाचणीच्या खोलीत) पॅनेल जागेवरून न हलवता ०.८ गिगाहर्ट्झचे डायपोल एकेक करून काढायला घेतले. तिसरा निघाला आणि स्क्रीनवरचा खड्डा भरून आला.

मापं बघा. ०.८ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ३७५ मिमी, म्हणजे डायपोल साधारण १८७ मिमी लांब आणि रिफ्लेक्टरपासून ९४ मिमी उंच. २ गिगाहर्ट्झचा घटक जेमतेम ३७ मिमी उंचीवर. म्हणजे मोठे डायपोल लहानांच्या डोक्यावर छपरासारखे पसरलेले असतात. २ गिगाहर्ट्झच्या हिशेबात तो १८७ मिमीचा धातू सव्वा तरंगलांबी भरतो. त्याला सिग्नल दिलेला नसला तरी त्याच्यावर प्रवाह उमटतो आणि तो स्वतः प्रसारण करू लागतो. सिम्युलेशनमध्ये २ गिगाहर्ट्झला त्याच्या बाहूंवरचा पृष्ठप्रवाह काढून बघा. लाल पट्टे दिसले की गुन्हेगार सापडला.

अंतर वाढवू नका. वरच्या (२ गिगाहर्ट्झच्या) बँडच्या घटकांमधलं अंतर १५० मिमीकडे, म्हणजे एका तरंगलांबीकडे गेलं की ग्रेटिंग लोब, म्हणजे भलत्याच दिशेला जाणारा नको असलेला बीम, डोकावतो. बीम झुकवलात तर त्याच्याही आधी.

उपाय मोठ्या डायपोलवरच करायचा. त्याचे बाहू ३० मिमीपेक्षा लहान तुकड्यांत कापा आणि तुकडे चोकने जोडा. चोक म्हणजे छोटी कॉइल आणि तिला समांतर कपॅसिटन्स. छापील नागमोडी रेषेतूनही हे साधतं. २ गिगाहर्ट्झला तो अनुनादात येऊन वाट अडवतो, ०.८ ला प्रवाह जाऊ देतो. नुसते कापलेत आणि जोडले नाहीत, तर खालचा बँडच मरेल.

चोकचा इंडक्टन्स वाढला की खालच्या बँडचं मॅचिंग (अँटेनाचा फीडशी जुळलेला मेळ) सरकतं आणि बँडविड्थ आक्रसते, म्हणून बाहूंची लांबी पुन्हा जुळवावी लागेल. माझ्याकडे त्यासाठी चार फेऱ्या लागल्या. प्रत्येक फेरीत एस-११ च्या आधी दोन्ही बँडचे पॅटर्न (कुठल्या दिशेला किती शक्ती जाते त्याचे आलेख) काढा, तेही पॅनेलवर सगळे घटक बसवूनच.