मास्तरांच्या कांड्या वापरू की ठेवू?

पेन घडवणारे आपले मास्तर गेल्यावर त्यांच्या घरच्यांनी एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, कांड्या आणि हत्यारं तुला दिली, आणि तू ती कपाटात जपून ठेवलीस म्हणे. काढ बाहेर! पेन करायलाच आणली होती त्यांनी. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या रत्नम या कारागिरांनी गांधीजींच्या आग्रहातून १९३०च्या दशकात स्वदेशी पेन घडवलं. ते काम पुढच्या पिढीने लेथवर, म्हणजे कातायच्या यंत्रावर, हात चालवूनच टिकवलं.

कांड्या वरून तपकिरी-हिरवट दिसतात म्हणून फेकू नकोस. एबोनाइट म्हणजे रबर आणि गंधक, उजेडाने वरचा थर विटतो. लेथवर पातळसा थर उतरव, आत काळाकुळकुळीत माल निघेल. गंधकाचा वास येईल. त्या वासाने आम्हाला मास्तरच आठवतात. पण मास्क लाव. ते कधी लावायचे नाहीत, तेवढं एक त्यांचं उचलू नकोस.

भोक पाडताना वेग कमी ठेव. ड्रिल थोडं आत गेलं की बाहेर काढ, कीस झटक, मग पुन्हा घाल. तापलं की माप बिघडतं आणि आटे नीट बसत नाहीत.

आटे पाडायच्या टॅप-डायच्या डब्यांवर त्यांच्या अक्षरात मापं आहेत, ती पुसू नकोस आणि जोड्या फोडू नकोस. हत्यारांना धार मात्र तुझ्या हाताला मानवेल तशी लाव. कुणी नाकं मुरडली तर मुरडू देत.

त्यांचं अर्धवट राहिलेलं पेनही पूर्ण कर. टोपण कातण्याआधी निब बसवून लांबी तपासून घे.