वाचकांचे प्रश्न : व्हॉल्व्हचा जुना संच सुरू करण्यापूर्वी

प्रश्न : मला वारशाने व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरपूर्वीच्या काचेच्या निर्वात नळ्यांचा) एक हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, रिसीव्हर आणि ६१४६ या क्रमांकाचा व्हॉल्व्ह असलेला ट्रान्समीटर मिळाला आहे. दोन्ही संच तीसेक वर्षे बंद होते. थेट वीज देऊन पाहावे का?

उत्तर : मुळीच नाही. इतकी वर्षे पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधील (वीज साठवणाऱ्या भागातील) ऑक्साइडचा पातळ थर खराब झालेला असतो, आतील द्रवही पुष्कळदा सुकलेला असतो. अशा कंडेन्सरवर एकदम पूर्ण व्होल्टेज आले तर तो तापून फुटतो आणि जाताना पॉवर ट्रान्सफॉर्मरलाही सोबत नेतो. व्हॉल्व्ह एक वेळ मिळेल, पण त्याच मापाचा ट्रान्सफॉर्मर मिळणे कठीण. व्होल्टेज हळूहळू वाढवून जुने कंडेन्सर जागे करणारेही आहेत; मला मात्र ते सरळ बदलणेच शहाणपणाचे वाटते. चेसिसवरचा (संचाच्या धातूच्या सांगाड्यावरचा) जुन्या कंडेन्सरचा डबा शोभेसाठी राहू द्यावा, मात्र त्याच्या तारा सोडवून नवे कंडेन्सर खालच्या बाजूला बसवावेत.

यानंतरची पहिली चाचणी जुन्या पद्धतीचा तारेचा (फिलामेंटचा) दिवा संचाच्या वीजपुरवठ्याशी सिरीजमध्ये, म्हणजे प्रवाह दिव्यातूनच संचात जाईल असा, जोडून करावी. (एलईडी दिवा येथे निरुपयोगी आहे.) दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, लख्ख तेवतच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे असे समजून लगेच वीज बंद करावी.

दिव्याला न कळणारा एक दोष मात्र राहतो. ऑडिओ आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे (त्यातील प्रवाहावर ताबा ठेवणाऱ्या जाळीकडे) आधीच्या टप्प्यातून फक्त आवाजाचा संकेत नेणारा कागदी कपलिंग कंडेन्सर गळू लागला, म्हणजे त्यातून डीसीही झिरपू लागले, की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येते, व्हॉल्व्हमधून बेसुमार प्रवाह वाहतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. तो व्हॉल्व्ह काढून संच चालू करावा आणि रिकाम्या सॉकेटच्या ग्रिड पिनवर मीटर लावावा. काटा किंचितही पॉझिटिव्ह बाजूला सरकला तर तो कंडेन्सर बदलावा.

ट्रान्समीटरमध्ये ६१४६च्या डोक्यावरील टोपीवर ६००-७०० व्होल्ट असतात. प्लग काढला तरी ब्लीडर रेझिस्टर (कंडेन्सरमधील साठा हळूहळू रिकामा करणारा रेझिस्टर) तुटलेला असल्यास ते तसेच टिकून राहतात. म्हणून हात घालण्यापूर्वी इन्सुलेटेड दांड्याला जोडलेल्या रेझिस्टरमधून कंडेन्सर रिकामा करावा, मग मीटरने खात्री करावी आणि दुसरा हात शक्यतो खिशात ठेवावा, म्हणजे धक्का बसलाच तर प्रवाह एका हातातून दुसऱ्या हातात छातीतून जाणार नाही.

प्रश्न : याच ट्रान्समीटरला आजचा इलेक्ट्रॉनिक कीयर (मोर्सचे डॉट-डॅश आपोआप तयार करणारे उपकरण) जोडता येईल का?

उत्तर : आधी मोजल्याशिवाय जोडू नये. जुन्या ट्रान्समीटरच्या कीच्या (मोर्स पाठवण्याच्या खटक्याच्या) टोकांवर, की उघडी असताना, काही रचनांत शंभर व्होल्टच्या आसपास निगेटिव्ह, तर कॅथोड कीइंगमध्ये (व्हॉल्व्हच्या कॅथोडची वाट की जोडते-तोडते अशा रचनेत) तितकेच किंवा त्याहून अधिक पॉझिटिव्ह व्होल्टेज असू शकते. कीयरमधील ट्रान्झिस्टर मात्र बहुधा कमी, पॉझिटिव्ह व्होल्टेजसाठीच बनवलेला असतो, त्यामुळे तो पहिल्याच डॅशला निकामी होईल. मध्ये छोटा रिले (विजेच्या चुंबकाने उघडमिट होणारा स्विच) घालावा. त्याची टकटक कानाला खटकत असेल, तर मोजलेल्या व्होल्टेजला पुरेसा असा ऑप्टो-आयसोलेटेड स्विच (दोन्ही बाजू तारेने न जोडता प्रकाशाने चालणारा) वापरावा.