नाणी घासलीस ना, तिथेच बिघडलंय

‘मावशी, नवऱ्याच्या छंदांना वैतागलेय. शाळेत काड्यापेटीचे छाप, कॉलेजात पोस्टाची तिकिटं, लग्नानंतर जुनी नाणी, दर रविवारी उन्हात जुन्या बाजारात जाऊन शिवराई नाणी आणि भोकाचे पैसे आणायचा. आता ते माळ्यावर आणि फाउंटन पेनं सुरू. मागच्या दिवाळीत मी हौसेने सगळी नाणी चिंचेने घासून लख्ख करून दिली, तर त्याने नंतर डबा उघडलासुद्धा नाही. एका गोष्टीवर टिकायला त्याला कसं शिकवू? – वैतागलेली, कोथरूड’

अगं बाई! पत्र पूर्ण वाचलं पण मी त्या चिंचेपाशीच अडकलेय.

घासायच्या आधी त्याला विचारलं होतंस का? नसणारच, सरप्राइज द्यायचं होतं ना. अगं, तांब्याच्या जुन्या नाण्यावर जो काळपट तपकिरी थर असतो तो मळ नव्हे, तो वर्षानुवर्षं हवा लागून धातूवर आपोआप चढलेला असतो आणि आतल्या तांब्याला तोच सांभाळतो. चिंचेतलं आम्ल तो खाऊन टाकतं, वर घासल्याचे बारीक ओरखडे येतात ते वेगळेच. झिजलेल्या शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ जे काय पुसट वाचता येतं ते बऱ्याचदा खाचांत बसलेल्या त्या काळेपणामुळेच, तो गेला की उरते एक गुलाबी चकती. भोकाचे पैसे 1943 ते 1947 मधले, युद्धात तांब्याची टंचाई होती म्हणून मधोमध भोक पाडलेले, तेही तू चमकवलेस. आता पुन्हा काळी पडतील ती, पण जुना थर काही परत येत नाही, आणि घासलेलं नाणं जाणकार बघताक्षणी बाजूला सारतो.

आणि एवढं होऊन नवरा चकार शब्द बोलला नाही. तू दिवाळीत आनंदाने डबा पुढे केलास, तो काय बोलणार?

बाकीच्या छंदांचं मला काहीच वाटत नाही बघ. छाप सगळ्यांचेच सुटतात, तिकिटं थांबली असतील कारण घरी पत्रं यायचीच बंद झाली. नाणी मात्र सुटली नाहीत, सोडवली गेली, आणि तू मला विचारतेस त्याला टिकायला कसं शिकवू!

आज रात्री जेवणं झाली की तो डबा माळ्यावरून काढ आणि त्याच्यासमोर ठेव. ‘मी घासली, मला माहीत नव्हतं, तुझं नुकसान झालं’ एवढंच म्हण. ‘पण मी चांगल्यासाठीच केलं’ हे शेपूट जोडू नकोस, ते जोडलंस तर सगळं फुकट. मग एकेक नाणं हातात घेऊन विचार, हे कुठे मिळालं, केवढ्याला घेतलंस. तो आधी ‘जाऊ दे ना’ म्हणेल, तरी तू उठू नकोस, अकरा वाजोत नाहीतर बारा.

पेनांच्या खर्चाचं दुसऱ्या दिवशी बोल, महिन्याचा एक आकडा ठरवा, ते पाच मिनिटांचं काम आहे. फक्त पेनं धुवायला घेऊ नकोस, काळं एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, पेन गरम पाण्यात बुडालं की मातकट हिरवट होतं.